महागड्या कार्डाला जुना बोर्ड चालतो

नवं ग्राफिक कार्ड घ्यायला निघालेल्या माणसाला हल्ली पहिला प्रश्न बोर्डाचा विचारला जातो. कार्ड पीसीआय एक्स्प्रेस ५.० चं, बोर्ड ३.० चा, मग जमायचं कसं? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार असो की नात्यातला ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ भाचा, निकाल एकच येतो : बोर्डही त्याच जनरेशनचा घ्या, नाहीतर कार्डाचे पैसे पाण्यात. बोर्ड बदलायचा म्हणजे प्रोसेसर आला, रॅम आली. बजेट काही वाढलेलं नसतं. मग ज्यासाठी घरून निघालो ते कार्डच एक पायरी खालचं उचललं जातं.

हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची चूक विचित्र जातीची आहे. ज्याला बोर्ड बदलण्याची काडीची गरज नाही त्याला तो खर्चात पाडतो. ज्याने बोर्ड खरोखर तपासायला हवा, त्या स्वस्त कार्डवाल्याला मात्र कोणी काही विचारतच नाही. सगळ्यात महागडं कार्ड जुन्या बोर्डावर जवळजवळ पूर्ण ताकदीने चालतं. मार खातं ते सगळ्यात स्वस्त कार्ड.

समजुतीला जुना आणि खरा आधार आहे, हे मान्य करायला हवं. १९९७ साली इंटेलने एजीपी स्लॉट आणला. त्याच्या पहिल्या आवृत्तीचे सिग्नल ३.३ व्होल्टचे, दुसरीचे १.५ व्होल्टचे आणि तिसरीचे ०.८ व्होल्टचे. चुकीचं कार्ड बसू नये म्हणून स्लॉटमध्ये खाचा होत्या, पण काही कार्डांवर त्या खाचाच चुकीच्या कापलेल्या असत. ३.३ व्होल्टचं जुनं कार्ड पेंटियम ४ च्या १.५ व्होल्टवाल्या बोर्डात घुसवलं, तर बोर्ड जळण्याची भीती खरीखुरी होती. पुढे २००४ मध्ये पीसीआय एक्स्प्रेसवाले बोर्ड बाजारात आले आणि एजीपी कार्ड त्या स्लॉटमध्ये बसेचना. त्या काळात जे असेंबलिंगचं काम शिकले त्यांच्या डोक्यात ‘कार्ड नवं तर बोर्ड नवा’ हे पक्कं बसलं, ते रास्तच होतं.

पण तेव्हापासून स्लॉट तोच आहे. पीसीआय एक्स्प्रेसची २.० आवृत्ती २००७ ची, ३.० ही २०१० ची, ४.० ही २०१७ ची, ५.० ही २०१९ ची. दर आवृत्तीत वेग साधारण दुप्पट झाला, तरी कोणतंही कार्ड कोणत्याही बोर्डात बसतं आणि दोघांपैकी जो सावकाश, त्याच्या वेगाने काम चालतं. ३.० मध्ये एक लेन, म्हणजे स्लॉटमधली माहितीची एक वाट, सेकंदाला सुमारे १ जीबी नेते. म्हणजे १६ लेनचा स्लॉट ३.० वर सुमारे १६ जीबी, ४.० वर ३२ आणि ५.० वर ६४. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की ५.० चं कार्ड ३.० च्या बोर्डात टाकल्यावर चौथाई ताकदीने चालणार, असं कोणालाही वाटेल. वेग चौथाई होतो हे खरं. ताकद चौथाई होते हे खोटं.

हार्डवेअर तपासणाऱ्या टेकपॉवरअप या संकेतस्थळाने आरटीएक्स ४०९० हे त्या वेळचं सर्वांत वेगवान कार्ड २०२२ मध्ये वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालवून पाहिलं. ४.० ऐवजी ३.० च्या १६ लेन दिल्यावर सरासरी घट दोन टक्क्यांच्या आसपास निघाली. २०२५ च्या जानेवारीत आलेलं आरटीएक्स ५०९० तर स्वतः ५.० चं. त्याला ४.० वर बसवल्यावर फरक एका टक्क्याच्या आतबाहेर. खेळताना हा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो दिसतो फक्त आलेखात, आणि तिथेही आलेखाची पट्टी ताणून काढली तरच.

असं का होतं, याचं उत्तर कार्डाच्या पोटात आहे. ४०९० वर स्वतःची २४ जीबी मेमरी आहे आणि ती सेकंदाला सुमारे १,००० जीबी या वेगाने वाचली जाते. ५०९० वर ३२ जीबी, सुमारे १,८०० च्या वेगाने. यापुढे ५.० चा ६४ जीबीचा स्लॉटसुद्धा चिंचोळाच. म्हणून खेळ लिहिणारे स्लॉटवर विसंबतच नाहीत. भिंतींचे, कपड्यांचे, झाडांचे टेक्स्चर एकदा कार्डाच्या मेमरीत उतरवून घ्यायचे आणि मग तिथूनच वापरायचे. स्लॉटमधून जात राहतात त्या मुख्यतः प्रोसेसरच्या सूचना, आणि त्यांचं ओझं फार नसतं. महिन्याचं वाणसामान घरात भरलेलं असलं की दुकानाकडे जाणारी गल्ली किती रुंद आहे यावर स्वयंपाक अडत नाही.

अडतो तो डबे रिकामे असले की. कार्डाची मेमरी भरली तर उरलेला माल बोर्डावरच्या रॅममध्ये ठेवावा लागतो आणि दर फ्रेमला स्लॉटमधून आणावा लागतो. तेव्हा मात्र लेन किती आणि आवृत्ती कोणती, याला एकदम किंमत येते. आता ज्यांची मेमरी आधी भरते ती कार्डं कोणती? स्वस्तातली. आणि ज्यांच्यावर कंपन्यांनी खर्च वाचवायला लेनही कापल्या ती कोणती? तीच.

एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. जानेवारी २०२२, किंमत १९९ डॉलर, मेमरी ४ जीबी. कार्डाची पट्टी बघितली तर स्लॉटभर लांब, सोळा लेनची वाटावी अशी. प्रत्यक्षात जोडलेल्या लेन फक्त चार. ही चिप मुळात लॅपटॉपसाठी आखलेली, तिथे चार लेन खपून गेल्या. पण डेस्कटॉपवर २०० डॉलरचं कार्ड घेणाऱ्याकडे बोर्ड कोणता असतो? बी४५०, ए५२०, इंटेलचा दहाव्या पिढीचा किंवा त्याआधीचा. म्हणजे सगळे ३.० वाले. तिथे त्या चार लेनमधून सेकंदाला जेमतेम ४ जीबी जातात. ३.० वर सरासरी घट दोन आकडी टक्क्यांची निघाली आणि मेमरी खाणाऱ्या काही खेळांत तर त्याहून कितीतरी मोठी. त्यात गंमत अशी, की आजच्या खेळांना ४ जीबी मेमरी पुरत नाही असं २०२० मध्ये जाहीर लेख लिहून सांगितलं होतं ते एएमडीनेच.

ज्याच्याकडे ५.० चा बोर्ड घेण्याइतका पैसा आहे तो हे कार्ड घेणार नाही. ज्याच्यासाठी ते काढलं त्याच्याकडे ५.० सोडा, ४.० सुद्धा नाही. बोर्ड आणि कार्ड यांचं खरं नातं तपासायचं असेल तर ते इथे.

आपल्याकडे याची आणखी एक घरगुती आवृत्ती आहे. ऑफिसातून निघालेले, रिफर्बिश केलेले ब्रँडेड डेस्कटॉप गल्लोगल्ली मिळतात. कॅबिनेट बुटकं, एसएमपीएस जेमतेम २५०-३०० वॉटचा, कार्डाला वेगळी वायर देण्याची सोय नाही. अशा मशीनसाठी आरएक्स ६४०० हमखास सुचवलं जातं, कारण ते बुटक्या मापात मिळतं आणि स्लॉटच्या विजेवर चालतं. मापात बसतं हे खरं, पण लेन पुन्हा चारच. हेच एच८१ सारख्या चिपसेटच्या बोर्डात टाकलं तर आणखी वाईट, कारण तिथे प्रोसेसर ३.० जाणणारा असला तरी स्लॉट २.० वरच अडवलेला. चार लेनमधून मिळणार २ जीबी. त्याऐवजी २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं रूप आठ लेनचं आहे, वीजही ७० वॉटच मागतं आणि वेगळी वायर लागत नाही. जुनं जीटीएक्स १६५० तर १६ लेनचं. कागदावर ६४०० नवं आणि १६५० जुनं. जुन्या बोर्डात हा हिशेब उलटू शकतो.

आठ लेन आणि कमी मेमरी ही जोडी आता मधल्या किमतीतही शिरली आहे. एप्रिल २०२५ मधलं आरटीएक्स ५०६० टीआय हे ५.० चं, आठ लेनचं, आणि दोन रूपांत : ८ जीबी ३७९ डॉलरला, १६ जीबी ४२९ ला. चिप तीच, लेन त्याच. १६ जीबीचं कार्ड जुन्या बोर्डात फारसं कुरकुरत नाही. ८ जीबीचं मात्र मेमरी भरली की ३.० वर चांगलंच अडखळतं. बोर्ड तोच असूनही फरक पडतो, म्हणजे दोष बोर्डाच्या माथी मारता येत नाही. दोन रूपांमधला तेव्हाचा ५० डॉलरचा फरक भारतात १८ टक्के जीएसटी धरूनसुद्धा बोर्ड-प्रोसेसर-रॅमच्या संचाजवळ कुठेही जात नव्हता.

पलीकडची बाजू यावर ‘पुढचा विचार’ नावाचा हुकमी पत्ता टाकते. आज नसेल गरज, पण बोर्ड पाच-सहा वर्षं राहणार, तेव्हा ५.० च घ्या. या युक्तिवादाची परीक्षा होऊन गेलेली आहे. ग्राफिक कार्डासाठी ५.० चा स्लॉट असलेले झेड६९० बोर्ड नोव्हेंबर २०२१ मध्ये आले. त्यानंतर ४०९० आलं, ते ४.० चं. एएमडीचं ७९०० एक्सटीएक्स आलं, तेही ४.० चं. या दोन कंपन्यांचं गेमिंगसाठी ५.० चं पहिलं कार्ड उगवलं २०२५ च्या जानेवारीअखेर. तीन वर्षांहून अधिक काळ लोकांनी ज्या स्लॉटसाठी जास्तीचे पैसे मोजले त्यात घालायला या दोघांचं कार्डच नव्हतं. आलं तेव्हा फायदा एक टक्का. शिवाय आरटीएक्स ५० मालिकेच्या सुरुवातीच्या महिन्यांत काही मालकांना काळा पडदा टाळण्यासाठी बायोसमध्ये जाऊन स्लॉट ४.० वर उतरवावा लागला. कार्ड उभं बसवायला जुनी रायझर केबल वापरली की हीच तऱ्हा : केबल ३.० ची, बोर्ड वेग लावतो ४.० चा, आणि डिस्प्ले येत नाही.

महागड्या बोर्डांचा आणखी एक विनोद मॅन्युअलमध्ये लहान अक्षरांत छापलेला असतो. इंटेलच्या झेड७९० च्या अनेक बोर्डांवर ५.० च्या वेगाची एम.२ एसएसडी ज्या स्लॉटमध्ये बसवायची, त्याला द्यायला वेगळ्या लेनच नाहीत. त्या ग्राफिक कार्डाच्या सोळातून काढल्या जातात. एसएसडी बसवली की कार्ड आठ लेनवर. एएमडीच्या एक्स८७०ई वाल्या काही बोर्डांवरही दुसऱ्या-तिसऱ्या एम.२ स्लॉटचा असाच वाटा आहे. म्हणजे सोळा लेन ५.० च्या हव्यात म्हणून हजारो रुपये जास्त दिले, आणि एक एसएसडी लावून त्यातल्या निम्म्या घालवल्या. बहुतेकांना हे कधी कळतही नाही, कारण खेळात काहीच बदललेलं दिसत नाही. ५.० च्या हट्टाविरुद्ध याहून चांगला पुरावा शोधायला नको.

बोर्डाच्या वयाला खरोखर किंमत आहे ती रीसाइझेबल बार या सोयीपाशी. जुन्या पद्धतीत प्रोसेसरला कार्डाची मेमरी २५६ एमबीच्या खिडकीतून दिसायची. या सोयीने ती पूर्ण दिसते. एएमडीने ती २०२० च्या अखेरीस आणि एनव्हीडियाने २०२१ मध्ये आणली. त्यांच्या कार्डांना ती नसली तरी थोडक्यात निभावतं. इंटेलच्या आर्क कार्डांचं तसं नाही. ए७५०, ए७७० किंवा डिसेंबर २०२४ मधलं बी५८० या सोयीवाचून इतकी मागे पडतात, की इंटेल स्वतःच दहाव्या पिढीपासूनचा प्रोसेसर किंवा रायझन ३००० पासूनचा बोर्डसंच सांगतं. बी५८० चं आणखी एक दुखणं २०२५ च्या सुरुवातीच्या चाचण्यांत उघड झालं : रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर ते आपल्या बरोबरीच्या कार्डांपेक्षा जास्त घसरतं. स्वस्त म्हणून आर्क घ्यायचं आणि ते सातव्या पिढीच्या इंटेलमध्ये टाकायचं, असा बेत असेल तर तो सोडावा. इथे दुकानदार बोर्ड बदला म्हणाला तर त्याचं ऐकावं.

पण त्याआधी बायोस उघडून पाहावं. पुष्कळ बी४५० आणि त्या काळच्या बोर्डांवर अपडेटनंतर ही सोय येते. ती दिसत नाही कारण सीएसएम नावाचा जुन्या पद्धतीचा पर्याय चालू असतो. तो सरळ बंद केला की विंडोज सुरूच होत नाही, कारण हार्ड डिस्क एमबीआर पद्धतीने आखलेली असते. विंडोज १० मध्ये एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आधीपासून आहे. डेटाचा बॅकअप घ्यायचा, डिस्क जीपीटी करून घ्यायची, मग सीएसएम बंद, मग रीसाइझेबल बार चालू. तासाभराचं काम आहे. त्यात विकण्यासारखं काही नसल्यामुळे ते सहसा कोणी सुचवत नाही.

विजेबद्दलही बोर्डावर विनाकारण आळ येतो. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, बोर्ड कितीही महाग असला तरी. ५०९० चे ५७५ वॉट येतात ते एसएमपीएसच्या वायरीतून. डब्यावर छापलेले चौदा-सोळा फेज प्रोसेसरला वीज पुरवतात. कार्डाशी त्यांचा संबंध नाही. बोर्डाला खरोखर धोका निर्माण झाल्याचं एक गाजलेलं प्रकरण आहे : जून २०१६ मध्ये आलेलं आरएक्स ४८० स्लॉटमधून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढताना मोजणीत सापडलं. पुढच्याच महिन्यात एएमडीने ड्रायव्हर बदलून ते थांबवलं. म्हणजे तिथेही चूक कार्डाची आणि इलाज सॉफ्टवेअरचा. नवं कार्ड लावल्यावर मशीन अधूनमधून आपोआप बंद पडत असेल तर संशय आधी पाच वर्षांच्या एसएमपीएसवर घ्यावा.

आता राहिला ‘बॉटलनेक’. हा शब्द काउंटरवर इतका वापरला जातो की त्यात काय काय कोंबलं जातं याचा पत्ताच राहत नाही. कार्डाला काम पुरवणारा प्रोसेसर कमी पडतो, हे खरं दुखणं आहे. चार कोअरचा आय५-७४०० आणि आरटीएक्स ४०६० ही जोडी अडखळते ती प्रोसेसरपायी, स्लॉटपायी नव्हे. पण मग सांगताना तसं सांगावं. बोर्ड हा प्रोसेसरच्या मागून येतो. इंटेलच्या सातव्या पिढीवाल्याला बोर्ड बदलावाच लागतो, कारण सॉकेटचं नाव तेच ठेवूनही इंटेलने आठवी पिढी जुन्या बोर्डांवर चालू दिली नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्याचं नशीब बरं. २०१७ च्या बी३५० बोर्डावरसुद्धा, बायोस मिळालं तर, रायझन ५००० मालिका चालते. २०२२ मध्ये एएमडीने जुन्या बोर्डांना तशी मोकळीक दिली. अशा बोर्डात ५८००एक्स३डी आणि वर तगडं कार्ड ही आजही लाज वाटावी अशी जोडी नाही.

प्रोसेसर निवडतानाच लेनचा खरा निकाल लागतो, आणि तो कोणी पाहत नाही. बी५५० बोर्डाच्या डब्यावर ४.० छापलेलं असतं, पण त्यात ५६००जी बसवला की स्लॉट ३.० वर येतो. रायझन ५ ५५०० आणि ५६०० यांच्या नावात शंभराचा फरक. प्रत्यक्षात ५५०० ला ३.० च मिळतं आणि कॅशही निम्मी, १६ एमबी विरुद्ध ३२. आणि ८५००जी तर कळसच. एएम५ चा कितीही महागडा बोर्ड आणा, हा प्रोसेसर ग्राफिक कार्डाला चारच लेन देतो, त्याही ४.० च्या. ‘बोर्ड भारी घ्या, प्रोसेसर पुढे बदलता येईल’ हा सल्ला ऐकून सजवलेल्या मशीनपेक्षा साध्या बी४५० वरचं कार्ड चौपट लेनवर चालतं.

याउलट ‘सगळं सगळ्यात चालतं, डोकं लावू नका’ म्हणणारा एक निवांत पंथही आहे. त्याची चूक वेगळी. चालतं म्हणजे बसतं, इतकंच. बी मालिकेच्या बहुतेक बोर्डांवर खालचा लांब स्लॉट वरच्यासारखाच दिसतो, पण त्याला जोडलेल्या लेन चार किंवा त्याहूनही कमी, आणि त्याही चिपसेटमधून फिरून आलेल्या. वरच्या स्लॉटसमोर कूलर किंवा वायरी आल्या म्हणून कार्ड खाली लावणारे महाभाग आहेत. तीन स्लॉट जाडीचं कार्ड बोर्डावरचे साटा पोर्ट झाकतं, मायक्रो एटीएक्स बोर्डावर खालचा वायफाय कार्डाचा स्लॉट गिळतं आणि कॅबिनेटच्या पुढच्या पंख्याला टेकतं. ४०९० चं एनव्हीडियाचं स्वतःचं कार्ड ३०४ मिलिमीटर लांब आहे. ही मापं पट्टीने मोजायची आहेत, त्यात पिढीचा संबंध नाही.

कार्ड नक्की किती लेनवर चालतंय हे पाहायला जीपीयू-झेड नावाचं फुकटचं साधन पुरतं. त्यात बस इंटरफेस या ओळीत आधी कार्डाची क्षमता आणि मग @ च्या पुढे प्रत्यक्ष जोडणी दिसते. मशीन नुसतं उभं असताना तिथे १.१ दिसलं तर घाबरायचं नाही. वीज वाचवायला कार्ड वेग उतरवतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून छोटी चाचणी चालवली की खरा आकडा चढतो. तिथे सोळाऐवजी आठ किंवा चार दिसलं, तर चुकीचा स्लॉट, एम.२ ची वाटणी, प्रोसेसरची मर्यादा किंवा नीट न बसलेलं कार्ड, यांपैकी काहीतरी आहे.

बोर्ड बदलण्याचा खर्च डब्यावरच्या किमतीवर थांबत नाही. एएम५ ला डीडीआर५ च लागते, आणि २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला लागल्यापासून रॅमचे भाव भडकलेले आहेत. हातातली डीडीआर४ वाया. विंडोजचं ओईएम लायसन्स जुन्या बोर्डाला बांधलेलं, तेही गेलं.

बी४५० आणि रायझन ५ २६०० बाळगणाऱ्याने ५०६० टीआय घ्यायचं ठरवलं, तर त्याने १६ जीबीचं घ्यावं आणि त्याच बोर्डात ५६०० किंवा ५७००एक्स टाकावा. ५५०० मात्र नको. स्लॉट इथे तसाही ३.० आहे, पण निम्म्या कॅशची भरपाई कुठूनच होत नाही. बायोसचं अपडेट जुना प्रोसेसर सॉकेटमध्ये असतानाच करून घ्यायचं. नवा आधी बसवला तर जुनं बायोस त्याला ओळखत नाही, पडदा काळाच राहतो, आणि धडधाकट बोर्ड ‘डेड’ ठरून भंगारात जातो.